बॅजर धक्क्याला लागताना (लेक मिशिगन)

पैलतीर

उन्हाळ्यात लडिंग्टनला संध्याकाळी सात वाजायच्या आधी लोक घडीच्या खुर्च्या घेऊन पाण्याकाठी येऊन बसतात. बॅजर यायची वेळ. सूर्यास्ताला अजून बराच अवकाश असतो, त्यामुळे नुसता सूर्यास्त बघायला आलेत असंही म्हणता येत नाही. पश्चिमेला क्षितिजावर आधी धुराची रेघ दिसते, मग तिच्याखाली काळा-पांढरा ठिपका.

एस. एस. बॅजर ही लेक मिशिगन ओलांडणारी, कोळशावर चालणारी फेरीबोट. मिशिगनमधलं लडिंग्टन ते विस्कॉन्सिनमधलं मॅनिटोवॉक, ६० मैल, चार तास. लांबी ४१० फूट, पोटात १८० गाड्या आणि वर ६०० माणसं. बांधली विस्कॉन्सिनमधल्या स्टर्जन बे इथे, १९५२ साली पाण्यात उतरली आणि १९५३ च्या मार्चपासून चालू लागली. अमेरिकेच्या ग्रेट लेक्सवर कोळशावर चालणारं दुसरं प्रवासी जहाज आता उरलेलं नाही.

तिच्याबद्दल माहिती हवी तेवढी मिळते, ती इथे उतरवत नाही. मला लिहायचंय ते शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांबद्दल. लोक चार तासांच्या प्रवासाचं कौतुक करतात. माझं प्रामाणिक मत, मधले तीन तास नुसतं पाणी. छान आहे, पण पाणीच. खरा खेळ ती धक्क्याला लागते तेव्हा सुरू होतो, आणि नेमके तेव्हाच निम्मे प्रवासी पिशव्या उचलून जिन्यापाशी रांग लावून उभे असतात!

होतं काय, तर बॅजरला एकच दार आहे, मागच्या बाजूला. गाड्या त्याच दारातून आत आणि त्याच दारातून बाहेर. म्हणजे धक्क्याला उलटंच लागायला हवं. दीपस्तंभ ओलांडून ती कालव्यात शिरते, भोंगा देते, गावाजवळून संथपणे आतल्या पेर मार्केट तलावात येते. इथे कप्तान उजवा नांगर सोडतो. साखळीचा खडखडाट काठावरही स्पष्ट ऐकू येतो आणि गंजाचा तांबूस धुरळा उडतो. नांगराने पुढचं टोक धरून ठेवलेलं, पाण्याखालचा एक पंखा पुढे रेटतोय, दुसरा मागे ओढतोय. अख्खं जहाज जागच्या जागी फिरतं. मग साखळी ढिली सोडत सोडत ती उलटी मागे येते आणि दोन्हीकडच्या लाकडी खांबांच्या मधल्या खाचेत शेपूट घालते. दोन्हीकडे जागा किती उरते ते बघायचं असेल तर मागच्या डेकवर उभे राहा. मला तरी उगाच पोट आत घ्यावंसं वाटतं.

काठावरून बघायचं असेल तर बहुतेक जण दीपस्तंभापर्यंत चालत जातात. १९२४ चा तो पांढरा मनोरा, अर्धा मैल लांबीच्या बांधाच्या टोकाला. तिथून बोट अगदी जवळून जाते, फोटो झकास येतो. पण वळण बघायचं तर तिथे उभं राहून उपयोग नाही. बोट आत शिरली की तुम्ही लगबगीने परत येईपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. मी सांगेन, फोटोचा मोह सोडा आणि आतल्या बाजूच्या वॉटरफ्रंट पार्कात बसा.

कोणी बसलंय का बॅजरवर? किंवा अशा दुसऱ्या कुठल्या फेरीवर? लिहा.

---

कोकण्या

मस्त लिहिलंय. वाखूसा (वाचनखूण साठवली).

एक शंका. आमच्याकडे एसटी मागे घेताना कंडक्टर मागे उभा राहून शिट्टी वाजवत "येऊ द्या, येऊ द्या" करतो. इथे ४१० फुटांच्या बोटीला मागून येऊ द्या कोण म्हणतं? पुढे बसलेल्या कप्तानाला मागचं काय दिसणार, कपाळ?

दुसरं म्हणजे भरती-ओहोटीचं काय? दाभोळ-धोपावेला फेरीबोट उतरत्या सिमेंटच्या धक्क्याला तोंड लावते. भरतीला वरच्या अंगाला लागते, ओहोटीला पार खाली. गाडी चढवताना कधी सपाट, कधी घाट. दुचाकीवाल्यांची तर सत्त्वपरीक्षा.

---

वाफारा

कोकण्या, दोन्ही प्रश्न चांगले आहेत.

बॅजरच्या मागच्या बाजूला, उंचावर, दुसरी छोटी सुकाणूखोली आहे. तिथून मागचं दिसतं. बॅजर मुळात रेल्वेचे डबे वाहून नेणारी बोट, आणि अशा बोटींना ती खोली लागायचीच, कारण त्या दररोज उलट्या चालायच्या.

भरतीचं म्हणाल तर लेक मिशिगनला भरती आहे म्हणायला आहे, काही सेंटिमीटरांची. डोळ्याला दिसत नाही. पण पातळी वर्षावर्षाने बदलते. जानेवारी २०१३ ला इतिहासातली सगळ्यात खालची पातळी नोंदली गेली आणि २०२० मध्ये बऱ्याच महिन्यांचे उच्चांक मोडले. शिवाय हवेच्या दाबाने आणि वाऱ्याने पाणी एका काठाकडे ढकललं जाऊन परत हेलकावतं ते वेगळंच. आणि जहाजातून जड गाड्या बाहेर पडतील तसं जहाज वर उचललं जातं. म्हणून काठावरचा रॅम्प बिजागरीचा असतो आणि त्याला तोलून धरायला मोठाली वजनं असतात. २१ जुलै २०२३ ला लडिंग्टनच्या रॅम्पचा हाच तोल सांभाळणारा भाग कोसळला आणि तो पूर्ण मोसम तिथेच संपला. जहाज धडधाकट, पण लागायचं कुठे? २०२४ मध्ये सेवा परत सुरू झाली.

आता माझ्या आवडीचा भाग. मी बाष्पकांवर (बॉयलरवर) काम केलेला माणूस, त्यामुळे थोडं सहन करा. बॅजरवर दोन स्किनर युनाफ्लो इंजिनं आहेत. साध्या वाफेच्या इंजिनात वाफ ज्या टोकाने आत येते त्याच टोकाने बाहेर जाते, म्हणजे सिलिंडरचं तेच टोक आळीपाळीने तापतं आणि निवतं. युनाफ्लोमध्ये वाफ टोकाकडून आत येते आणि मधल्या भोकांतून बाहेर पडते. एकाच दिशेने प्रवास. टोकं गरम राहतात, मधला भाग थंड राहतो, कोळसा वाचतो. जहाजांवरच्या वाफेच्या पिस्टन इंजिनांच्या अगदी शेवटच्या प्रकारांपैकी हा एक. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने ह्या यंत्रणेला ऐतिहासिक वारशाचा दर्जा दिला.

आणि धक्क्याला लागण्याशी ह्याचा थेट संबंध आहे. कप्तानाच्या हातात इंजिनाचा दांडा नसतो. तो टेलिग्राफ फिरवतो, खाली इंजिनखोलीत घंटा वाजून काटा सरकतो, आणि तिथला माणूस हाताने इंजिन थांबवून उलटं फिरवतो. डाव्याला वेगळा हुकूम, उजव्याला वेगळा. पैलतीरने वर्णन केलेल्या त्या वळणात खालच्या माणसांना बाहेरचं काही म्हणजे काही दिसत नसतं. घंटा आली की हुकूम पाळायचा.

---

चिंगी_१

वाफाराकाका, हे नवीनच कळलं! आम्ही गेलो तेव्हा डेकचा कठडा अचानक थरथरायला लागला आणि कॉफीच्या कपात गोल गोल रेघा उमटल्या. मला वाटलं काही बिघडलं. मग मागे बघितलं तर हिरव्या पाण्यातून तळाचा गाळ उसळून वर येत होता आणि सगळं पाणी चहाच्या रंगाचं झालेलं. ते इंजिन उलटं फिरायला लागलं होतं तर!

मुलांना मात्र फक्त बिंगो आठवतोय. बोटीवर बिंगो खेळतात, बक्षीसबिक्षीस असतं. चार तास त्यात कसे गेले कळलं नाही. सासूबाईंनी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं बरोबर घेतलं होतं, त्यामुळे आमचं बरं चाललं होतं. शेजारच्या बाकावरचे आजोबा पुरी मागून घेऊन गेले.

---

मिलवॉकीकर

वेगळं मत मांडतो. आम्ही मिलवॉकीहून लेक एक्सप्रेसने जातो. २००४ पासून चालू आहे, विस्कॉन्सिनमधलं मिलवॉकी ते मिशिगनमधलं मस्कीगन, अडीच तास. पाण्याच्या झोतावर चालणारी दोन सांगाड्यांची बोट. नांगर टाकणं नाही, साखळ्यांचा गोंधळ नाही, येते आणि पाच मिनिटांत लागते. आपली गाडी आपणच चालवत आत न्यायची. बॅजरवर तुमची किल्ली कोणातरी पोराच्या हातात द्यायची आणि पलीकडे गेल्यावर मैदानात ताटकळत उभं राहायचं की आपली गाडी कधी येते. ज्याला कुठेतरी पोहोचायचंय त्याने बॅजरच्या नादी लागू नये.

---

पैलतीर

मिलवॉकीकर, पोहोचायचंच असेल तर शिकागोला वळसा घालून रस्त्याने जावं की. :)

किल्लीचं खरं आहे. पण त्या पोरांचं गाड्या लावणं बघितलंय का कधी? पळत येतात, गाडी आत नेतात, पळत बाहेर, पुढची गाडी. आरसे मिटून घेतलेल्या दोन गाड्यांमध्ये तळहात जेमतेम जाईल. हे काम प्रवाशांवर सोपवलं तर बोट दुपारपर्यंत हलायची नाही. ते गाडीतळाचं पोट मुळात गाड्यांसाठी नव्हतंच. तिथे रेल्वेचे चार रूळ होते आणि मालगाडीचे तीसेक डबे मावायचे. चेसापीक अँड ओहायो रेल्वेची ही बोट. शिकागोच्या यार्डात डबे दिवसेंदिवस अडकून पडायचे, त्यापेक्षा मालगाडीच बोटीत घालून तळं ओलांडलेलं परवडायचं. उन्हाळा असो की हिवाळा, बर्फ फोडत.

---

बखरकार

पैलतीर, रेल्वेचा उल्लेख केलात म्हणून मागच्या दाराबद्दल थोडं.

लडिंग्टनहून पेर मार्केट नावाची पोलादी रेल्वे फेरी १८९७ मध्ये सुरू झाली. सुरुवातीच्या ह्या बोटींचं मागचं तोंड उघडंच असायचं. रूळ थेट धक्क्यावरच्या रुळांना जुळायला हवेत ना, त्यामुळे सोय म्हणून उघडं. मागून लाट आली तर सरळ आत. पुढे पोलादी दार बसवायला सुरुवात झाली, तरी धोका पुरता टळला नाही. २२ ऑक्टोबर १९२९ ला एस. एस. मिलवॉकी ही रेल्वे फेरी वादळात मिलवॉकीहून ग्रँड हेवनकडे निघाली आणि बुडाली. एकही माणूस वाचला नाही. काही दिवसांनी जहाजावरच्या खजिनदाराने लिहिलेली चिठ्ठी जलरोधक डबीत सापडली: मागचं दार वाकलंय, पाणी वेगाने शिरतंय. १९७२ मध्ये बुडी मारणाऱ्या शोधकांना सांगाडा सापडला तेव्हा दार खरंच वाकलेलं होतं.

बॅजर धक्क्याला लागल्यावर ते दार वर उचललं जातं तेव्हा जरा निरखून बघा. किती जाड आहे आणि का, ते कळतं.

---

शंकासुर

सगळ्यांचं गहिवरून झालं असेल तर एक विचारू? ही बोट कोळशाची राख तळ्यात ओतायची. एका मोसमात ५०० टनांच्या आसपास. पिण्याच्या पाण्याच्या तळ्यात! त्यावर कोणीच बोललं नाही. दुसऱ्या कुणी तसं केलं असतं तर आपण इथेच धागे काढून शिव्या घातल्या असत्या. आपल्याला आवडतं म्हणून वारसा, नाहीतर प्रदूषण.

---

वाफारा

शंकासुर, मुद्दा बिनतोड आहे. ओतत होती, वर्षानुवर्षं. राख पाण्यात कालवून बाहेर सोडून द्यायची, अशीच रचना होती. पर्यावरण खात्याने हरकत घेतली, प्रकरण कोर्टात जाऊन २०१३ मध्ये तडजोड झाली, आणि २०१५ च्या मोसमापासून राख जहाजावरच साठवून धक्क्यावर उतरवतात. ज्वलनाचं नियंत्रणही सुधारलं, त्यामुळे कोळसा कमी लागतो. धूर मात्र आहेच. वारा मागून असेल तर वरच्या डेकवर बसू नका, कपड्यांना वास लागतो.

२०१६ मध्ये बॅजरला राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला. राखेचा निकाल आधी लागला हे बरं झालं. इंजिन जपायचं म्हणजे त्याची घाणही जपायची असं काही नाही.

---

शंकासुर

धूर आहेच ना पण. असो. मुद्दा पोहोचला, पुरे.

---

शिवसागर

सातारा जिल्ह्यातला आहे, तापोळ्याच्या बाजूचा. कोयनेच्या जलाशयात आमच्याकडे तराफा चालतो. त्यावर जीप, ट्रॅक्टर, दुचाक्या, माणसं, शेळ्या, सगळंच. तुमच्या बोटीपुढे खेळणंच म्हणा, पण पलीकडच्या गावांना जायचं तर तेवढाच आधार, नाहीतर रस्त्याने कैक मैलांचा वळसा.

वर पातळीबद्दल वाचून हसू आलं. धरणाचं पाणी उन्हाळ्यात एवढं खाली जातं की काठ रोज खाली सरकतो. आज जिथे तराफा लागला तिथे पंधरा दिवसांनी सुकलेली माती. मग खाली नवी वाट करायची, दगडं टाकायची, चिखलात फळ्या घालायच्या. बिजागरीचा रॅम्प वगैरे काही नाही. तराफ्यावरचा माणूस बांबूने तळ चाचपतो आणि ड्रायव्हरला सांगतो, दुसऱ्या गिअरात टाक आणि थांबू नको. थांबला तर रुतला. मे महिन्यात हे बघायला या, धक्क्याला लागणं म्हणजे काय ते कळेल.

---

पैलतीर

शिवसागर, ह्यावर वेगळा धागा काढाच. मनापासून सांगते. आणि मे महिन्याचं आमंत्रण लक्षात ठेवलंय.

---

मांडवीकाठ

गोव्यातून +१. रायबंदर-चोडण फेरीबोटीवर लहानपण गेलं. आमची फेरीबोट बांधतच नाहीत. फळी धक्क्यावर टाकतात आणि इंजिन चालू ठेवून बोट धक्क्याला रेटून धरतात. तेवढ्यात सगळे चढतात, उतरतात. फळी खाली टेकायच्या आधीच स्कूटरवाले इंजिन सुरू करून तयार, आणि खलाशी हात आडवा धरून उभा.

बॅजरवर दोर कसे टाकतात? हातानेच?

---

चिंगी_१

हातानेच! मी अगदी वरून बघत होते. आधी बारीक दोरी फेकतात, तिच्या टोकाला गाठींचा गोळा असतो. खलाशाने ती वेटोळी करून दोन हातांत वाटून घेतली, एक हात मागे नेला आणि सोडली. गोळा हवेत उलगडत गेला. खालच्या बाईने (हो, धक्क्यावर बाई होती) दोरी पायाखाली दाबली आणि भराभर ओढायला लागली. तिच्यामागून मनगटाएवढा जाड दोर पाण्यात बुडत, ठिबकत वर आला. त्याचा फास खुंट्यावर चढवला आणि बाजूला झाली. मग बोटीवरच्या यंत्राने दोर ताणून घेतला. ताणताना त्यातून पाणी पिळून निघतं ते बघण्यासारखं आहे. दोर ताणला की कोणी जवळ उभं राहत नाही, सगळे आपोआप चार पावलं मागे.

---

कोकण्या

बरोबरच आहे. ताणलेला दोर तुटला तर पाय जातो. आमच्याकडे मासेमारीच्या बोटींवरही तांडेल पोरांना पहिलं हेच शिकवतो.

---

नवखी

खूप छान चर्चा. जुलैत आई-बाबा येणार आहेत, त्यांना नेईन म्हणते. काही प्रश्न:
एकाच दिवसात जाऊन येता येतं का? वेळापत्रकात जाताना तीन तास आणि येताना पाच तास दिसतात, असं का? वारा लागेल का? बाबांना पायऱ्या जमत नाहीत. आणि धक्क्याला लागताना नक्की कुठे उभं राहायचं?

---

पैलतीर

नवखी, मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये एका तासाचा फरक. जाताना सकाळी नऊला निघून पलीकडच्या घड्याळात बाराला पोहोचतो, येताना दोनला निघून इकडच्या सातला. प्रवास दोन्हीकडे चारच तास. वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, तेव्हा तिकीट काढताना बघून घ्या. एका दिवसात जाऊन येता येतं, पलीकडे दोनेक तास मिळतात. गाडी न नेता नुसतंच जाणारेही खूप असतात, आई-बाबांसोबत तेच बरं.

वारा भरपूर. जुलैतसुद्धा तळ्याच्या मध्यावर स्वेटर लागतो, कानटोपी असेल तर आईसाठी ठेवाच. पायऱ्यांबद्दल तिकीट काढतानाच फोन करून विचारा, चढण्या-उतरण्याची सोय करून देतात. बाबांना आराम हवा असेल तर छोटी केबिन भाड्याने मिळते, दुपारी आडवं व्हायला बरी.

उभं कुठे राहायचं, तर लडिंग्टनला परत येताना दीपस्तंभ येईपर्यंत पुढच्या डेकवर. नांगर उजवा सुटतो, म्हणून उजव्या कठड्याशी जागा धरा. साखळीचा आवाज थांबला की लगेच मागच्या डेककडे निघा, कारण पुढे आता काही घडणार नाही. घाईतली माणसं त्याच वेळी उलट दिशेने जिन्याकडे येत असतात, त्यामुळे बाबांना आधीच मागे बसवून ठेवलंत तर उत्तम. उतरायची घाई करू नका, सगळ्यांत शेवटी उतरलं तरी काही बिघडत नाही.

---

मिलवॉकीकर

गाडी घेऊन जायचं ठरलंच तर औषधं, चष्मा, जॅकेट आधी काढून घ्या. बोट सुटल्यावर गाडीतळावर जाऊ देत नाहीत, कितीही विनवण्या केल्या तरी. आणि हो, आम्हीसुद्धा ह्या ऑगस्टमध्ये बॅजरचं तिकीट काढलंय. मुलगी हा धागा वाचून मागे लागली. पैलतीर, हसू नका.

---

पैलतीर

हसत नाहीये. :) गाडीची उंची तिकीट काढतानाच बरोबर लिहा. छतावर सायकली असतील तर त्या धरून.